भरून न येणाऱ्या जखमा

पुण्याच्या पश्चिमेस मुळा नदीच्या खोऱ्यानें वर जावें, पौड मागें टाकावें आणि ताम्हिणीच्या घाटाकडे तोंड करावें, म्हणजे मुळशीचा मुलूख लागतो. हा पावसाचा मुलूख आहे. आषाढांत येथें आभाळ आणि डोंगर यांतील सीमा पुसून जाते आणि खाचरांतील गुडघाभर चिखलांत भाताची लावणी चालते. या भागांतील कष्टकऱ्याच्या अंगावर जखमांच्या खुणा नसतील तरच नवल. कोयत्याचा घाव, बैलाच्या शिंगाची ठोकर, अनवाणी पायांत मोडलेला कांटा, रानडुकराचा सुळा, आणि दिवसचे दिवस पाण्यांत राहून बोटांच्या बेचक्यांत कुजलेली कातडी, हें सारें येथें नित्याचें. त्यावर हळद दाबावी, दगडी पाल्याचा रस पिळावा, वर फडकें गुंडाळावें आणि पुन्हां खाचरांत उतरावें, असा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बहुतेक जखमा त्यानें भरूनहि येत. किंबहुना पुष्कळशा जखमा कोणताहि उपाय न करतां भरून येतात, आणि श्रेय मात्र शेवटीं लावलेल्या पाल्यास मिळतें.

परंतु कांहीं जखमा भरून येत नाहींत. धारदार पात्यानें झालेला स्वच्छ घाव आणि मांस निघून जाऊन पडलेला खड्डा यांत फार अंतर आहे. पहिल्याच्या दोन्ही कडा एकमेकींस भेटतात. चार टांके घातले म्हणजे आठ-दहा दिवसांत शरीर आपलें काम उरकतें. दुसऱ्याच्या कडा भेटूंच शकत नाहींत. तेथें तळापासून नवें मांस वर यावें लागतें. लाल, दाणेदार आणि स्पर्श होतांच रक्त येणारें हें कोवळें मांस म्हणजे वैद्यकांतील मांसांकुर. तें उगवलें नाहीं तर वरच्या त्वचेस पाय ठेवावयास जागाच राहत नाहीं. मधुमेहानें ज्याच्या पायांतील रक्ताभिसरण मंदावलें आहे, कुष्ठरोगानें ज्याचा तळवा बधिर झाला आहे, नागाच्या किंवा घोणसाच्या विषानें ज्याच्या पायाचें मांस जागच्या जागीं मेलें आहे, अशांच्या जखमा महिनोन्‌महिने पाझरत राहतात. शहरांतील बैठें काम करणाऱ्यास हा त्रास असतो. शेतकऱ्यास तो घाला असतो. जखम तीन महिने राहिली कीं एक लावणी बुडते. वर्षभर राहिली कीं जमीन दुसऱ्याच्या हातीं जाते. आणि हाडापर्यंत पोंचली कीं पाय जातो.

अशा जखमांवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो एक उपचार जगभर पसरला, त्याचें तत्त्व वरवर पाहतां अगदीं जुनें वाटतें. जखमेवर झांकण बसवावयाचें आणि आंतील हवा व द्रव बाहेर ओढून घ्यावयाचे, एवढेंच तें. रुग्णालयांत त्यास ‘व्हॅक’ म्हणतात. शास्त्रीय भाषेंत तो उण्या दाबाचा उपचार होय. त्याचें वर्णन ऐकतांच आपल्याकडील कोणासहि तुंबडी आठवावी, हें साहजिक आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत दूषित रक्त काढण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : शृंग, जलौका आणि अलाबू, म्हणजे शिंग, जळू आणि भोपळा. शिंगाच्या टोंकास पातळ पडदा बांधून तोंडानें हवा ओढावयाची. भोपळ्याच्या आंत जळती वात ठेवून तो अंगावर उपडा घालावयाचा. आंतील तापलेली हवा निवते, आकसते, आणि भोपळा मांसास घट्ट धरून बसतो. महाराष्ट्रांत भटक्या वैदूंनीं हीच तुंबडी गांवोगांव नेली. गुडघे धरले, पाठ आखडली, गळूं ठणकूं लागलें, कीं तुंबडी लावावयाची. ‘आपली तुंबडी भरणें’ हा वाक्प्रचार मराठींत अद्याप जिवंत आहे. त्यांतील तुंबडी गोसाव्याच्या भिक्षेची कीं वैदूच्या रक्ताची, याचा वाद भाषापंडितांनीं खुशाल करावा. रोग्याच्या पदरीं कांहीं पडो न पडो, लावणाऱ्याची भरे, एवढें त्यावरून दिसतें.

या साधनाकडे बोट दाखवून ‘हें सारें आमच्याकडे होतेंच’ असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. तुंबडी धडधाकट किंवा वस्तऱ्यानें खरवडलेल्या कातडीवर घटकाभर लावीत आणि तिचा हेतु रक्त बाहेर काढण्याचा असे. आजचा उपचार उघड्या जखमेवर दिवसचे दिवस चालतो. आणि त्याला रक्त नको असतें, जखमेंत सांठणारी लस हवी असते. रक्त येऊं लागलें तर तो ताबडतोब थांबवावा लागतो. साधनें सारखीं दिसलीं म्हणून कल्पना एक ठरत नाहीं. सुश्रुताची थोरवी शोधावयाची तर ती दुसरीकडे आहे. व्रणावरील उपचारांचे सात टप्पे त्यानें लावून दिले; त्यांत शोधन आधीं येतें आणि रोपण मागाहून. म्हणजे जखम प्रथम निर्मळ करावी, मेलेलें मांस व पू काढावा, आणि मगच ती भरून आणण्याच्या मागें लागावें. हा क्रम आजच्या यंत्रासहि चुकलेला नाहीं. मेलेल्या मांसावर पंप लावून बसणारा शस्त्रवैद्य सुश्रुताच्या कसोटीसहि उतरला नसता आणि आजच्याहि उतरत नाहीं.

जखम झांकून, हलूं न देतां, दिवसचे दिवस निवांत ठेवण्याचें महत्त्व मात्र पुण्याच्या परिसरांतील एका कारागिरानें फार पूर्वीं ओळखलें होतें. टिपू सुलतानाशीं इंग्रजांचें युद्ध चालू असतां, १७९२ सालीं, इंग्रजी फौजेकडील कावसजी नांवाचा एक बैलहाक्या टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो बिननाकाचाच राहिला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्यास नवें नाक बसवून दिलें. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया डोळ्यांनीं पाहिली, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत तिची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या हकीकतींतील एक तपशील येथें फार मोलाचा आहे. सांधा जुळवल्यावर त्यानें पाण्यांत मऊ केलेला कात चिंध्यांच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. चार दिवस त्यास कोणी हात लावला नाहीं. मग त्या काढून तुपांत भिजवलेलीं फडकीं ठेवलीं. ती हकीकत वाचूनच लंडनच्या कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तसेंच नाक बसवलें, आणि युरोपांतील नव्या प्लास्टिक सर्जरीस तेथून चालना मिळाली. विटा करणाऱ्या त्या माणसाचें नांव मात्र त्या हकीकतींत आलें नाहीं. बैलहाक्याचें आलें, दोन्ही डॉक्टरांचींहि आलीं.

झांकण आणि आचूषण या दोन गोष्टी एकत्र येण्यास पुढें जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रान्समध्यें झुनो यानें सबंध पाय आंत मावेल असा धातूचा बूट करून त्यांतील हवा ओढून घेतली. हेतु पुन्हां रक्त तिकडे खेचण्याचाच. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत ऑगस्ट बीअर यानें गळवांवर कांचेचे पेले बसवून रबरी फुग्यानें हवा काढण्याची पद्धति रूढ केली. तिचा कांहीं काळ मोठा गाजावाजा झाला आणि ती मागें पडली. दरम्यान जखमेविषयींची सर्वसाधारण समजूत मात्र उलट दिशेनें दृढ होत गेली होती : जखम उघडी ठेवावी, वारा लागूं द्यावा, वर खपली धरूं द्यावी. सुशिक्षित घरांतून ही समजूत आजहि गेलेली नाहीं. १९६२ सालीं लंडनमधील जॉर्ज विंटर यानें डुकराच्या कातडीवर सारख्याच आकाराच्या उथळ जखमा केल्या, कांहीं उघड्या ठेवल्या, कांहीं पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यानें झांकल्या. आणि झांकलेल्या ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगानें पसरते, असें दाखवून दिलें. खपली हें कवच नसून नव्या त्वचेच्या वाटेंतील धोंडा आहे, असा त्याचा अर्थ.

त्यानंतरचा इतिहास अनेक देशांत तुकड्यातुकड्यांनीं घडला. सोव्हिएत रशियांत १९८६ च्या सुमारास बगाउद्दीनव, दाविदोव इत्यादि शस्त्रवैद्यांनीं पू झालेल्या जखमांवर आचूषणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. ते रशियन भाषेंत होते. पश्चिमेकडे ते बराच काळ कोणी वाचले नाहींत. पुढें या उपचाराचा व्यापार कोट्यवधि डॉलरांवर गेला आणि पेटंटांचे खटले उभे राहिले, तेव्हां मात्र वकिलांनीं ते शोधून काढून न्यायालयापुढें ठेवले. १९८९ सालीं अमेरिकेंत चॅरिकर आणि जेटर यांनीं साध्या जाळीच्या कापडांतून नळी बाहेर काढून तोच उपाय केला. १९९३ सालीं जर्मनींत फ्लाइशमान यानें हाड मोडून बाहेर आलेल्या १५ रोग्यांच्या जखमा स्पंज व चिकट पापुद्र्यानें बंद करून त्यांतून सतत आचूषण केलें. आणि १९९७ सालीं अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना प्रांतांतील आर्जेंटा व मॉरिक्वास या जोडीनें जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांनीं या उपचारास आजचें रूप दिलें. त्यांनीं ३०० जखमांवर तो करून पाहिला. त्यांपैकीं २९६ जखमांनीं चांगला प्रतिसाद दिला, असें त्यांनीं नमूद केलें.

उणा दाब म्हणजे शून्याहून कमी दाब नव्हे. भोंवतालच्या हवेच्या दाबाहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. मुळशीचा तलाव समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब पाऱ्याच्या ७१० मिलिमीटरांच्या आसपास असतो. जखमेवर साधारणपणें यापेक्षां १२५ मिलिमीटर कमी दाब ठेवतात. पाण्याच्या हिशेबानें हा फरक पावणेदोन मीटरांच्या स्तंभाएवढा, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याएवढा होतो. हा आंकडा डुकरांवरील प्रयोगांतून आला. १२५ मिलिमीटरांवर जखमेलगतचें रक्ताभिसरण चौपट वाढलेलें आढळलें, आणि ४०० मिलिमीटरांच्या पुढें तें मूळच्यापेक्षांहि खालीं गेलें. मांसांकुरांची वाढ सतत आचूषणानें शेंकडा ६३, आणि मधून मधून थांबवलेल्या आचूषणानें शेंकडा १०३ अधिक झाली. जोरानें ओढलें म्हणजे लवकर भरतें, असा हा मामला नाहीं. शिवाय चौपटीच्या त्या आंकड्यावरहि पुढें वाद झाला : जखमेच्या अगदीं कडेस रक्त वाढण्याऐवजीं तात्पुरतें कमी होतें, असें दुसऱ्या शोधकांस आढळलें.

क्रिया अशी. शस्त्रवैद्य प्रथम मेलेलें मांस कापून काढतो आणि जखम धुतो. मग बारीक छिद्रांचा निर्जंतुक स्पंज जखमेच्या आकाराचा कापून आंत बसवतो. एका खड्ड्यांत किती तुकडे घातले हें मोजून लिहून ठेवावें लागतें, कारण एखादा आंत राहिला तर त्यावरच मांस वाढतें. वर पारदर्शक चिकट पापुद्रा, कडेच्या निरोगी कातडीवर चार बोटें पसरेल असा. पापुद्र्यास भोंक पाडून नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोंकास लस सांठवणारी डबी व पंप. पंप सुरू होतांच फुगलेला स्पंज सुकलेल्या बोरासारखा आकसून कठीण होतो. तो आकसला कीं जखमेच्या कडा आंत ओढल्या जातात, सांठलेली लस निघून जाते, सूज उतरते. स्पंजाच्या छिद्राछिद्रांतून पेशी ताणल्या जातात आणि त्या ताणानेंच त्यांस वाढीची प्रेरणा मिळते, असें मानतात. दोन-तीन दिवसांनीं हें सारें काढून पुन्हां नवें बसवावयाचें.

त्यांतला खरा सुटसुटीतपणा रोग्याच्या बाजूनें पाहिल्याशिवाय कळत नाहीं. पाझरणाऱ्या जखमेची पट्टी पूर्वीं दिवसांतून एकदां, कधीं दोनदां बदलावी लागे. प्रत्येक वेळीं वेदना, प्रत्येक वेळीं नवा कोवळा थर पट्टीस चिकटून निघून येणार. मुळशी खोऱ्याच्या आंतल्या गांवांतील रोग्यास त्याकरितां एक तर शहरांत बिऱ्हाड करावें लागे किंवा पट्टी सोडून द्यावी लागे. आणि बहुतेक जण पट्टी सोडून देत.

इतकें सांगितल्यावर या उपचाराच्या मर्यादाहि सांगावयास हव्यात, कारण यंत्राचा डौल मोठा आणि विक्रेत्यांची जीभ लांब. हा उपचार स्वतः जखम बंद करीत नाहीं; तो जमीन तयार करतो. त्या लाल, सपाट झालेल्या तळावर शेवटीं पुष्कळदां मांडीची पातळ त्वचा आणून लावावी लागते. जखमेंत कर्करोग असेल, हाडांतील पुवावर उपचार झालेला नसेल, मोठी रक्तवाहिनी किंवा आंतडें उघडें पडलें असेल, तर स्पंज तेथें ठेवूं नये. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००९ आणि २०११ सालीं जे इशारे दिले, त्यांत २००७ पासून १२ मृत्यूंची व १७४ इजांची नोंद होती. मृत्यूंचें प्रमुख कारण रक्तस्राव, आणि त्यांतील बहुतेक मृत्यु घरीं किंवा शुश्रूषागृहांत झालेले. लाभाचा पुरावाहि सर्वत्र सारखा नाहीं. मधुमेहामुळें पायाचा भाग कापलेल्या १६२ रोग्यांवरील अमेरिकेंतील अभ्यासांत १६ आठवड्यांत शेंकडा ५६ जखमा भरल्या, तर साध्या ओलसर पट्टीनें शेंकडा ३९ भरल्या. हा अभ्यास २००५ सालचा. उलट ब्रिटनमध्यें पायाचें हाड मोडून जखम उघडी झालेल्या ४६० रोग्यांचा जो अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत वर्षअखेर दोन्ही गटांच्या पंगुत्वांत फरक दिसला नाहीं. महाग यंत्र हें नेहमीं स्वस्त पट्टीहून श्रेष्ठ असतें, असें या आंकड्यांवरून कोणास म्हणतां येणार नाहीं.

पुण्याच्या भोंवतीं अवघड जखमांची परंपरा बिननाकाच्या कावसजीवर संपलेली नव्हती. १९५० नंतरच्या दशकांत नोशीर अंतिया या शस्त्रवैद्यानें पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयांत वाकड्या बोटांवर आणि बसक्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या. ज्यांस इतर शस्त्रवैद्य हात लावीत नसत, ते त्यांचे रोगी होते. ज्या तळव्यास वेदना कळत नाहीं, त्याची जखम उपचारानें भरली तरी पायांत योग्य पादत्राण नसेल तर पुन्हां उघडते, हा कुष्ठसेवेंतून आलेला धडा आज मधुमेहाच्या रोग्यांच्या उपयोगीं पडत आहे.

मुळशी तालुक्याचें रूप मात्र पार पालटलें आहे. हिंजवडीस संगणकांचे कारखाने उभे आहेत, पिरंगुटास यंत्रांचे; लवळ्यास रुग्णालय आहे आणि २०२० सालीं सुरू झालेलें मुलींचें वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. पूर्वीं ससूनखेरीज ज्यास गति नव्हती, त्यास आतां वाटेंत दोन-चार ठिकाणीं थांबतां येतें. जखमांचे प्रकारहि पालटले : शिंगाच्या जागीं दुचाकी आली, कोयत्याच्या जागीं कारखान्यांतील दाबयंत्र आलें. साप मात्र तसेच आहेत. सर्पदंशावर तुंबडी लावून किंवा तोंडानें विष ओढून काढतां येतें, ही जुनी समजूत येथें निक्षून मोडली पाहिजे. चिरा दिल्यानें आणि ओढल्यानें विष निघत नाहीं. रक्तस्राव वाढतो, जखम चिघळते आणि प्रतिविष देण्याचा वेळ वायां जातो. आचूषणाची पाळी आली तर ती पुष्कळ नंतर येते : प्रतिविषानें जीव वांचल्यावर आणि मेलेलें मांस कापून काढल्यावर.

परदेशी यंत्राची व त्याच्या स्पंजाची किंमत गरीब रोग्याच्या आवांक्याबाहेरची असते. म्हणून भारतांतील अनेक रुग्णालयांत शस्त्रवैद्यांनीं आपली तोड काढली. साधा स्पंज निर्जंतुक करून घ्यावयाचा, पोटांत घालावयाची रबरी नळी त्यांत खुपसावयाची, वर बाजारांत मिळणारा चिकट पापुद्रा लावावयाचा आणि नळी भिंतींतील आचूषणाच्या तोटीस जोडावयाची. ही तोड चालते, पण तिला जागता पहारा लागतो. भिंतीची तोटी कमी-जास्त ओढते, डबी भरली तर तें सांगणारी घंटा नसते, आणि रात्रीं नळी सुटली तर पहांटेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आचूषण बंद पडलें कीं तोच बंद पापुद्रा घातक ठरतो. आंत लस सांठते आणि जंतूंस उबदार घर मिळतें. म्हणून दिवसाकांठीं दोन तासांपेक्षां अधिक काळ पंप बंद राहिला, तर सारा स्पंज काढून साधी ओली पट्टी बांधावी, असा नियम आहे.

हा नियम मुळशीस आणखी एका कारणानें लागू पडतो. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारपणाखालीं ज्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, तें धरण झालेंच. त्याचें पाणी घाटाखालीं भिरा येथें उतरतें, त्यावर वीज होते आणि ती मुंबईस जाते. तलावाच्या कांठच्या वाड्यांतून मात्र पावसाळ्यांत वारा सुटला कीं दिवे जातात. अशा घरीं रोगी पंपासह पाठवावयाचा तर त्यास बॅटरीवर चालणारें लहान यंत्र द्यावें लागतें, आणि घरांतील एखाद्या शिकत्या मुलास दोन गोष्टी शिकवून ठेवाव्या लागतात : डबींत लाल रक्त दिसतांच पंप बंद करून जखमेवर दाब द्यावा आणि गाडी बोलवावी, आणि यंत्र मुकें झालें तर घड्याळ पाहावें.